भरम, पुढं डाग

पाकिटावर एवढंच वाचता येत होतं: भरम.
पुढं पाणी सांडून निळा डाग, आडनावासकट.
शिक्क्यातला 'बे' तेवढा उमटलेला,
बेळगावचा की बेंगळूरूचा, कोण सांगणार.
मी डागाला एक काना लावला आणि सायकल काढली.
आमच्यात ब्रह्मलिंगाचं देऊळ आहे,
त्यामुळं दर तिसऱ्या दारात एक भरमा.
मला माणसं पत्त्यावरून सापडत नाहीत,
काय करून बसलीत त्यावरून सापडतात.

आधी पैलवान.
जन्म: मार्कंडेयला पूर येऊन कडबा वाहून गेला त्या साली.
आनंदवाडीच्या आखाड्यात धारवाडचा जोडीदार
सतराव्या मिनिटाला चीत. बक्षीस पितळी घागर,
तिच्यात आता म्हशीची पेंड भिजते.
पुढच्या जत्रेत गुडघा गेला.
चरित्र तिथं संपलं, माणूस अजून आहे.
त्यानं पाकीट कानाशी धरून हलवलं, नारळ हलवतात तसं.
"माझं न्हवं. मला बोलवायचं तर हलगी यायची दारात,
कागूद न्हाई."

मग लुगड्यातला भरमा.
बावीस वर्षं राणी, विधवा, सवत, एकदा नदी.
शनिवारी आमच्यात मराठीत रडायचा,
रविवारी गोकाककडं कन्नडात.
म्हणतो, हुंदका त्योच, शेवटाला अय्यो लावलं की झालं.
बायको वारली तेव्हा घरोघरच्यांनी मिशा उतरवल्या,
यानं त्या दिवसापासून ठेवली.
पाकीट न उघडताच परत दिलं, दोन बोटांत धरून,
पदर सावरावा तसं.

फौजी भरमा सापडला शहापुरात, एटीएमच्या दारात, स्टुलावर.
पलटणीच्या हॉकी संघात उजवीकडून पळायचा.
चषकाच्या फोटोत याच्या तोंडावर दुसऱ्याचा कोपर आलाय.
कोपरवाला पुढं मोठा झाला.
हा अजून फोटो दाखवतो आणि कोपरावर बोट ठेवतो:
"ह्याच्या मागं मी."

चौथ्यानं सिनेमात काम केलंय.
तिरडीचा मागचा डावा खांदा.
निपाणीला टॉकीजमध्ये आम्ही दोन ट्रॅक्टर भरून गेलो होतो,
पटका दिसला, खाली तो दिसला नाही.
कुणी विचारलंच तर सांगतो,
"डायलॉग न्हवता. पण मेलेल्यालाबी न्हवता की."
रेशनकार्डावर तो भरमाप्पा आहे,
म्हणाला, सरकारचं असंल तर दोन प असत्यात, बघ.
डागात एकही प नव्हता.

चौघांनी नाही म्हटलं.
संध्याकाळी शाळेमागच्या माळावर भरमव्वा पळत होती,
पणजीचं नाव, आजीनं हट्टानं ठेवलेलं.
क्रीडा वसतिगृहात तिला सगळे 'बी' म्हणतात,
बनियनवरही तेवढंच शिवलंय.
आठशे मीटर. स्पाइक्स मामेबहिणीचे, पुढं कापूस कोंबलेला.
ती वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून,
धापा टाकत पाकिटाकडं बघत राहिली.
"मामा, म ला काना होता हे तुमाला कुणी सांगितलं?"

एवढी वर्षं टपाल वाटतोय,
आणि डागात व्वा मावेल हे माझ्या डोक्यात आलं नाही.

मी पाकीट पुढं केलं. तिनं हात मागं घेतले.
"र्‍हाऊ दे तुमच्यापाशी. शनिवारी हुबळीला पळून येते,
मग उघडू. आत काय का असंना,
आधी वाचलं तर पाय जड होत्यात."

आज गुरुवार.
पाकीट पिशवीच्या आतल्या कप्प्यात आहे, नियमात बसत नाही.
सकाळी पैलवानानं सायकलचं हँडल धरलं.
माझं न्हवंच ते, म्हणाला, मी आधीच सांगितलोय.
मग हँडल काही सोडेना.
"पर उघडलास म्हंजे
मला सांगून जा की."